भेगा बुजवण्याआधी नोंद करा

खाणीतल्या सुरुंगांच्या हादऱ्यांनी घराच्या भिंतींना गेलेल्या भेगा लगेच बुजवा, असं कुणी कुणी सांगतं. कृपया तसं करू नका, पुरावाच जाईल! आधी प्रत्येक भेगेचा मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढा. भेगेवर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवा. भेग हलली की काच तडकते. मग तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाला प्रत पाठवा. सुरुंग उडताना घराच्या पायाशी कंपनं मोजण्याची मागणी त्यात हवीच. या महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार साध्या घरांसाठी कंपनांच्या वेगाची मर्यादा त्यांच्या वारंवारतेनुसार सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटर आहे. वारंवारता ८ हर्ट्झखाली (सेकंदाला ८ पेक्षा कमी कंपनं) असेल तर फक्त ५. एकाच क्षणी उडणारी सुरुंगाची दारू कमी केली, दारू भरलेली भोकं एकदम न उडवता थोड्या थोड्या वेळाच्या अंतराने उडवली, तर हादरा बराच उतरतो. खाणवाल्याकडे हाच आग्रह धरा. मातीच्या जुन्या भिंती असतील तर उशीर नकोच.