कमाई विक्रमी, तरी पैसा नाही कसा? मँचेस्टर युनायटेडचा हिशोब कुणी उलगडून सांगा की

टिळकवाडी_रेड

नमस्कार मंडळी. बेळगावात युनायटेडचे चाहते किती आहेत ते संध्याकाळी लेले ग्राउंडवर दिसणाऱ्या जर्सींवरूनच कळतं. सध्या आमच्या ग्रुपमध्ये एकच वाद पेटलाय, खरं तो नुसता आवाजावर चाललाय, आकडे कुणाकडंच नाहीत.

२०२४-२५ ची कमाई ६६.६५ कोटी पौंड, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात जास्त. लीगमध्ये संघ पंधरावा, बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटेनहॅमकडून हरला, आणि वर्षअखेर तोटा ३.३ कोटी पौंड. आधी अडीचशे माणसं कमी केली, मग आणखी दोनशेपर्यंत काढायचं जाहीर केलं. हंगाम निम्म्यावर असताना तिकीट ६६ पौंड केलं आणि मुलांची, ज्येष्ठांची सवलतही काढली. आणि लगेच २०२५ च्या उन्हाळ्यात कुन्या, एमब्युमो, शेश्को असे तीन महागडे खेळाडू!

पैसा नाही तर हे तिघं आले कुठून? मालक ग्लेझर कुटुंबाचं कर्ज हेच मूळ दुखणं काय? अँटनी हा खेळाडू विकून वर तोटाच दाखवतात तो कसा? आणि निम्मा ग्रुप म्हणतोय यंदा जर्सी घ्यायची नाही. त्यानं काही फरक पडतो काय? जाणकारांनी जरा फोड करून सांगावं.

---

शहापूर_खातेवही

बातमीत वाचलेली फी क्लबच्या वहीत एका फटक्यात खर्ची पडत नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. एकाच खेळाडूचे तीन आकडे असतात: जाहीर झालेली फी, दरवर्षी नफा-तोटा पत्रकात पडणारा तिचा वाटा, आणि प्रत्यक्ष बँकेतून जाणारे पैसे. तिन्ही वेगवेगळ्या वेळी पडतात. वाद घालताना लोक यातला एक आकडा इकडून आणि दुसरा तिकडून घेतात.

वर्षाचा वाटा काढणं सोपं आहे. फी भागिले कराराची वर्षं. याला अमॉर्टायझेशन म्हणतात. कुन्या ६.२५ कोटी पौंड, एमब्युमो ६.५, शेश्को ६.६३. पुढच्या अटींचे पैसे बाजूला ठेवले तर बेरीज १९.३८ कोटी. तिघांचे करार पाच वर्षांचे, म्हणजे वर्षाला साधारण ३.८८ कोटी. बातमीत जवळपास वीस कोटी दिसतात, पत्रकात चारच्या आत. हे तिघं आले कसे याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं हप्त्यांत आहे, त्यावर कुणीतरी वेगळं लिहा.

आता अँटनी. २०२२ ला साधारण ८.१ कोटी पौंडांना घेतला, पाच हंगामांसाठी. वर्षाला १.६२ कोटी. तीन हंगामांत ४.८६ कोटी खर्ची पडले, वहीत शिल्लक राहिले ३.२४. २०२५ ला स्पेनच्या बेतिस क्लबनं पक्के २.२ कोटी युरो ठरवले, म्हणजे सुमारे १.९ कोटी पौंड. वहीतली शिल्लक वजा विक्री, सव्वा कोटीच्या वर तोटा. तोच पाचव्या हंगामाच्या शेवटी विकला असता तर शिल्लक शून्य आणि मिळेल तो सगळा नफा दिसला असता. अर्थात तोवर करार संपतो आणि गडी फुकट जातो. पोग्बाचं तेच झालं. २०१६ ला ८.९ कोटींना आणला आणि २०२२ ला फुकट सोडला.

हा वाटा लहान दिसावा म्हणून चेल्सीनं काय केलं बघा. एन्झो फर्नांडेझची फी १०.६८ कोटी, करार साडेआठ वर्षांचा. वर्षाला सव्वा कोटीच पडतात, पाच वर्षांचा करार असता तर २.१४ पडले असते. ही पळवाट युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, २०२३ च्या उन्हाळ्यात बंद केली आणि प्रीमियर लीगनं त्याच डिसेंबरात. आता करार कितीही लांब असो, फी पाच वर्षांवरच वाटायची.

कर्जाकडं येऊ. २००५ ला ग्लेझरांनी सुमारे ७९ कोटी पौंडांत क्लब घेतला. त्यातला मोठा भाग उसना, आणि तो उसना पैसा क्लबच्याच डोक्यावर ठेवला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. चाहत्यांचा राग इथं शंभर टक्के खरा आहे. या कर्जातून ना स्टँड उभा राहिला ना मैदान सुधारलं. मुख्य कर्ज दोन तुकड्यांत आहे: २०२७ च्या मुदतीचे ४२.५ कोटी डॉलरचे रोखे, व्याज ३.७९ टक्के, आणि २०२९ च्या मुदतीचं २२.५ कोटी डॉलरचं मुदत कर्ज. नुसत्या रोख्यांचं व्याजच वर्षाला १.६ कोटी डॉलरच्या वर जातं. रोखे २०२७ ला फेडायचे, नाहीतर बाजारात चालू असेल त्या दरानं नव्यानं काढायचे. ३.७९ चा दर जुन्या स्वस्ताईतला. तो पुन्हा मिळणं अवघड, म्हणून पुढचं ओझं इथं वाढतं.

एक खाचही लक्षात ठेवा. कर्ज डॉलरमध्ये, हिशोब पौंडांत. पौंड १.२५ डॉलरला असेल तर ६५ कोटी डॉलरचे ५२ कोटी पौंड होतात. १.३५ ला गेला की ४८ च्या आसपास. एक पैसाही न फेडता कर्ज चार कोटींनी कमी दिसतं. ‘कर्ज घटलं’ अशी बातमी आली की आधी विनिमय दर बघा.

तरीपण माझं मत असं की रोजचं रक्त व्याजातून कमी आणि चुकीच्या खरेदीतून जास्त वाहतं. २०२४-२५ चा पगार-भत्त्यांचा खर्च ३१.३२ कोटी, अमॉर्टायझेशन १९ कोटींच्या आसपास. पन्नास कोटी इथंच संपले. उरलेल्या सोळांत स्टेडियम, सुरक्षा, प्रवास, घसारा, व्याज, शिवाय हकालपट्टीची भरपाई. प्रशिक्षक टेन हागचा करार २०२४ च्या उन्हाळ्यात वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला काढला. तो आणि त्याचे सहकारी मिळून १.०४ कोटी पौंड गेले. तिकीट ६६ पौंड करून किती मिळणार, आणि एका सहीत किती गेले, ही तुलना ग्रुपमध्ये मांडा.

---

निपाणी_ऊसपट्टा

हप्त्यांचं मी सांगतो. बदलीची फी बहुतेक वेळा रोख मोजत नाहीत, तीन-चार वर्षांच्या हप्त्यांत देतात. त्यामुळं ‘क्लबवर कर्ज किती’ या प्रश्नाला बँकेचं कर्ज एवढंच उत्तर दिलं तर ते अर्धवट ठरतं. आपल्याकडं कारखान्याची तब्येत बघताना बँकेच्या कर्जाबरोबर शेतकऱ्यांचं थकलेलं ऊसबिलही बघतात की, तसंच हे. युनायटेडचं दुसऱ्या क्लबांना द्यायचं असं देणं अलीकडच्या वर्षांत ३० कोटी पौंडांच्या वर राहिलंय. त्यावर व्याजाचा आकडा वेगळा दिसत नाही, म्हणून बातमीतही येत नाही.

यात बिघडतं कुठं? जुन्या खेळाडूंचे हप्ते नव्या हंगामाच्या पैशातून जातात. काल घेतलेला गडी आज बाकावर बसून असतो, किंवा उसना दिलेला असतो, तरी त्याचा तिसरा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो. जानेवारीत ‘पैसा नाही’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा नफ्याचा प्रश्न नसतो, रोकड हप्त्यांत अडकलेली असते.

विकणाऱ्या क्लबालाही घाई असते. तो हे येणं बँकेकडं देऊन थोड्या कमी रकमेत आजच पैसे उचलतो. म्हणून बड्या क्लबाचा हप्त्यांचा कागदही बाजारात चालतो, आणि म्हणून हप्त्यांवर खरेदीची सवय सुटत नाही.

कुठं वाचायचं: युनायटेडचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. शेअर न्यूयॉर्कला नोंदवलेला असल्यामुळं ‘फॉर्म २०-एफ’ नावाचा वार्षिक अहवाल अमेरिकन सेक्युरिटीज कमिशनच्या साइटवर फुकट मिळतो. सुरुवातीची रंगीत भाषणं सोडा. मागच्या टिपांत ‘ट्रेड अँड अदर पेएबल्स’ शोधा, तिथं वर्षाच्या आत द्यायचं आणि नंतर द्यायचं असे दोन भाग असतात. मग ‘इंटँजिबल अ‍ॅसेट्स’ मध्ये खेळाडूंच्या नोंदणीची शिल्लक किंमत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली की किती गडी अजून उधारीवर आहेत ते कळतं.

---

कॅम्पातला_बार्सा

युनायटेडवाल्यांनी आमच्या बार्सिलोनाचं बघून शहाणं व्हावं. ऑगस्ट २०२१ ला अध्यक्ष लापोर्तानं कर्ज १३५ कोटी युरो सांगितलं, आणि पगार एकूण उत्पन्नाच्या १०३ टक्के. त्याच महिन्यात मेस्सी गेला. स्पेनची ला लीगा खर्चाची मर्यादा आधी ठरवते आणि त्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदच करून घेत नाही. इंग्लंडात आधी खर्च होतो आणि शिक्षा मागाहून येते. मला ला लीगाची पद्धत बरी वाटते, कितीही टोचली तरी.

२०२२ ला ‘पालांका’ म्हणून जे केलं त्यात लीगच्या टीव्ही हक्कांतला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकला. त्या उन्हाळ्यात लेवांडोव्स्की आला, सगळे खूश. खरं तो वाटा पुढच्या प्रत्येक वर्षी कमी येणार, जो कोणी अध्यक्ष असेल त्याला. आणि एवढं करूनही डिसेंबर २०२४ अखेर ओल्मो या खेळाडूची नोंदणी अडकलीच.

---

टिळकवाडी_रेड

खातेवही सर, निपाणीकर, फार आभार. आता एक शंका. तोटा एवढा आहे तर युनायटेडचे गुण का कापले नाहीत? एव्हर्टनचे कापले की.

---

खानापूर_गनर

प्रीमियर लीगच्या पीएसआर, म्हणजे तोट्याला मर्यादा घालणाऱ्या, नियमात तीन वर्षांचा मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालतो. त्यातले मालकानं ९ कोटी भांडवल म्हणून भरायला हवेत, नाहीतर मर्यादा दीड कोटीच. आणि हा तोटा म्हणजे जाहीर झालेला तोटा नव्हे. अकादमी, महिला संघ, समाजकार्य, स्टेडियमचं बांधकाम हे खर्च त्यातून वजा होतात. म्हणून युनायटेडचा २०२३-२४ चा ११.३२ कोटींचा तोटा बघून ‘गुण कापा’ म्हणणं लगेच लागू पडत नाही. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ ला १० गुण गेले, अपिलात ६ झाले, नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी २. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४.

या नियमाचा वाईट परिणाम घरच्या पोरांवर होतो. अकादमीतल्या पोराची वहीत किंमत शून्य, म्हणून विकला की अख्खी रक्कम नफा. मॅकटॉमिनेला २०२४ ला नापोलीला साधारण अडीच कोटी पौंडांत दिला, सगळा नफा. तिकडं पहिल्याच हंगामात तो इटलीची सेरी ए लीग जिंकला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वरचा अँटनीचा हिशोब याच्या शेजारी ठेवा. ज्याच्यावर आठ कोटी घातले तो विकून तोटा, जो लहानपणापासून क्लबात वाढला तो विकून नफा. मैदानावर कोण उपयोगाचा याचा या हिशोबात कुठं संबंधच नाही. चाहते इथं चिडतात ते बरोबर चिडतात.

२०२६-२७ पासून प्रीमियर लीग नियम बदलतेय. संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. युरोपात खेळणाऱ्यांना युएफाची मर्यादा ७० टक्के. त्यात पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंटांचे पैसे धरतात. घरचा पोरगा विकायचा मोह यानं पूर्ण जाईल असं मला वाटत नाही, कारण विक्रीचा नफा याही हिशोबात उपयोगी पडतो.

---

अनगोळ_स्ट्रेटफर्ड

जर्सीचं उत्तर राहिलं. अदिदासशी १० वर्षांचा किमान ९० कोटी पौंडांचा करार आहे. किमान रक्कम ठरलेली, ती तुमच्या-आमच्या खरेदीवर हलत नाही. जर्सी विकून फी निघते ही समजूतही सोडा, प्रत्येक नगावरचा मोठा वाटा कंपनी आणि दुकानदाराचा असतो. खडेबाजारातली कॉपी घेतली तर क्लबला काहीच नाही, ओरिजिनल घेतली तरी ग्लेझरांना जाणवण्याएवढं काही नाही. त्याच करारात चॅम्पियन्स लीग नसलेल्या प्रत्येक हंगामाला १ कोटी पौंड कापायची अट आहे. म्हणजे बहिष्कारापेक्षा खराब खेळच त्यांना जास्त महागात पडतो.

मग दबाव कशानं येतो? ठरावीक मागणी, ठरावीक वेळ आणि रिकाम्या खुर्च्या. लिव्हरपूलनं २०१६ ला ७७ पौंडांचं तिकीट काढलं तेव्हा संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून गेले. लिव्हरपूल २-० पुढं होतं, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माघार घेतली. ‘मालक हटाव’ एवढंच म्हटलं असतं तर मालकांना मान्य करण्यासारखं समोर काही नव्हतं. आपल्या युनायटेडचं २०१० चं हिरवं-सोनेरी मफलरचं आंदोलन मनापासून होतं, २ मे २०२१ ला लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलायला लावला, पण मालकी हलली नाही. २०२४ ला उद्योगपती रॅटक्लिफला क्लबचा वाटा मिळाला तोही २७.७ टक्क्यांच्या आसपासच.

कुणी म्हणेल शेअर घेऊ. बाजारात मिळतो तो क्लास ए, त्याला एक मत. क्लास बी ला दहा मतं. त्यामुळं शेअर घेऊन मतदानात काही हाती लागत नाही.

बेळगावातून करता येण्यासारखं म्हणजे मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्टचं सदस्यत्व. क्लबशी बोलणी ते करतात. इंग्लंडात जुलै २०२५ ला फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला, वरच्या पाच स्तरांतल्या पुरुष क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागणार. मालकाची तपासणी, आर्थिक आराखडा, मैदान विकणं, रंग-चिन्ह बदलणं, चाहत्यांशी सल्लामसलत हे त्याच्या कक्षेत येतं. तिकिटाचा दर ठरवणं येत नाही. ग्रुपचं पत्र पाठवायचं असेल तर २०२७ चे रोखे कसे फेडणार आणि नवीन स्टेडियमचं कर्ज कुणाच्या नावावर बसणार, एवढे दोनच प्रश्न लिहा. दोन्हीची उत्तरं आकड्यांतच द्यावी लागतात.