मानसोपचाराच्या ओपीडीत पेशंटचं आणि घरच्यांचं म्हणणं कुणी ऐकावं की नाही?

तेरणेची लेक

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, अकरा वर्षं झाली. उपजिल्हा रुग्णालय गावापासून एकतीस किलोमीटर. मानसोपचाराचे डॉक्टर जिल्ह्याहून महिन्यातून दोनदा येतात, आणि त्यांचा वार नेमका तिथल्या बाजाराचा. एसटी खच्चून भरलेली असते. गर्दीत भावाच्या कानातले आवाज वाढतात, त्यामुळे तो फाट्यावरूनच माघारी फिरतो. मग मी एकटी जाते, केसपेपर दाखवते, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणते. वर्षभरात डॉक्टरांनी त्याला दोनदाच पाहिलंय.

वार बदलायला पैसा लागत नाही. पण सांगायचं कुणाला? खिडकीवरचे दादा म्हणाले, वरून ठरतं. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही सांगता येईना.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. त्यातल्या पुनरावलोकन मंडळात सहा जण असतात आणि त्यातल्या दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी आहेत. पण ते मंडळ पेशंटला दवाखान्यात भरती करण्याच्या आणि त्याच्या हक्कांच्या तक्रारी बघतं. ओपीडीचा वार, गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या, बसवायचं कुठं, हे जिथं ठरतं तिथं आम्ही नसतो. मला वाटतं, अशी ओपीडी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात तीन महिन्यांतून एकदा पेशंट आणि घरचे यांना घेऊन बैठक झालीच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

माळावरचा डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ, मराठवाड्यात सरकारी नोकरीत बारा वर्षं काढली. ताई, वाराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बैठकीचं पटत नाही.

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्या आठ जिल्ह्यांत त्यातलं एकही नाही. माझ्या ओपीडीत एका दिवशी ऐंशी-नव्वद पेशंट असायचे. एकेकाला तीन-चार मिनिटं देताना मलाच लाज वाटायची. आधी माणसं भरा. रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या रोगी कल्याण समितीच्या बैठकांना मी बसलोय. भिंतीचा रंग, पाण्याचा कूलर, चहा, सह्या, संपलं.

आणि उपचार बहुमतानं ठरत नसतात. एका वडिलांनी 'पोरगं नुसतं झोपून राहतंय' म्हणून गोळी परस्पर अर्धी केली. दोन महिन्यांत ते पोरगं विहिरीच्या कठड्यावर उभं होतं. वाचलं, पण मी ते विसरू शकत नाही.

बालाघाट

ताई, तुम्ही बैठकीचं म्हणायलात, पण तिथं बसायचं कुणी? आमच्याकडं भावकीला कळलं की विषय संपला. माझ्या आईच्या गोळ्या आम्ही बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतो. घरात लग्नाची बहीण हाय. उद्या समितीच्या फळ्यावर माझं नाव लागलं तर सोयरीक घेऊन कोण येणार? शहरात चालत असंल हे.

आशाताई

मी आशा म्हणून काम करते. शेतकरी आत्महत्यांसाठी २०१५ला प्रेरणा प्रकल्प आला, मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा जिल्हे त्यात होते. आम्ही घरोघर प्रश्नावली भरली. झोप लागते का, भूक लागते का, मन उदास असतं का. एका बाईनं सगळी उत्तरं दिली आणि मला विचारलं, "बाई, देण्याचं कुठंच नाही का तुमच्या कागदात?" त्यांचा नवरा सावकाराच्या तगाद्यापायी रात्र रात्र बांधावर बसायचा. कागद करताना त्या बाईला आधी विचारलं असतं तर तो प्रश्न पहिला आला असता. म्हणून मी तेरणेच्या लेकीच्या बाजूनं.

पुन्हा उभी

मी स्वतः पेशंट आहे, बायपोलर. म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं. सगळे 'पेशंट आणि घरचे' एका दमात म्हणताय, ते मला टोचतंय.

सुरुवातीला मला जी गोळी होती तिनं एका वर्षात अठरा किलो वजन वाढलं, पाळी थांबली. ओपीडीत डॉक्टर माझ्या भावाला विचारायचे, "जेवतात का? झोपतात का?" मी शेजारच्या स्टुलावर बसलेली. भाऊ म्हणायचा, "तब्येत सुधारली, सर." त्याचं खोटं नव्हतं. त्याला मी शांत हवी होते आणि मी शांत होते.

ताईंनी मंडळाच्या ज्या दोन जागा सांगितल्या, त्यांच्यात 'किंवा' आहे. दोन्ही जागा संस्थांनी भरल्या तरी कायदा पाळला गेला, पेशंट एकही नसला तरी. याच कायद्यातल्या राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणात मात्र पेशंटच्या दोन जागा वेगळ्या आणि काळजी घेणाऱ्यांच्या दोन वेगळ्या. तसंच खाली हवं. याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मी साध्या कागदावर सही करून उपचारांच्या बाबतीत माझा प्रतिनिधी नेमलाय. भावाला नाही, मावशीला. बैठक घ्यायचीच असेल तर घरच्यांना एक दिवस बोलवा आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी.

तेरणेची लेक

पुन्हा उभी, वाचून वाईट वाटलं, पण मी मागं हटणार नाही. भाऊ तीन-तीन रात्री जागा असतो तेव्हा दाराला पाठ लावून मी बसलेली असते. तेव्हा त्याच्या वतीनं दुसरं कोण बोलणार? माझ्याही दुखण्याला जागा पाहिजे.

तुमचं वाचून काल संध्याकाळी त्याला विचारलं, दवाखान्यात काय बदललं पाहिजे? असं मी अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ तो शेंगा फोडत बसला. मग म्हणाला, "एसटीचं काय नाही गं. तिथं दारात उभं राहून माझं नाव वरडतात, मनोविकारवाले इकडं या म्हणतात. बाजाराला आलेले आपल्या गावचे सगळे केसपेपरच्या रांगेत असतात."

आवाजांचं मीच धरून बसले होते.

बालाघाटदादा, तुमची भीतीसुद्धा हीच की.

बालाघाट

व्हय, हीच. नाव न लावता चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय असंल तर आईचं म्हणणं मी देईन.

माळावरचा डॉक्टर

तुमच्या भावाचं वाचून अस्वस्थ झालो. माझ्या ओपीडीतही असंच पुकारायचे आणि दार बंद असल्यानं मला आत ते कधी जाणवलं नाही. नावाऐवजी टोकन नंबर उद्यापासून सुरू करता येईल. एक वही आणि पेन पुरे. पण म्हणूनच सांगतो, एवढ्यासाठी समिती कशाला?

पुन्हा उभी

डॉक्टर, बारा वर्षं वही आणि पेन तुमच्या टेबलावरच होतं ना?