फियाटच्या कॉईलचा ब्रॅकेट दुसऱ्यांदा तुटला, आता कशाचा बनवू?

फोंड्याची_पद्मिनी:
बाबांची पद्मिनी आहे, १०८९ सीसी. स्पार्कसाठी करंट तोडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय, स्पार्कचं व्होल्टेज वाढवणारी नवीन कॉईल जुन्यापेक्षा जाडी, व्हर्नियरने ५७ एमएम भरली, जुन्या क्लॅम्पमध्ये जाईना म्हणून २ एमएम अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा एल करून इंजिनच्याच एका बोल्टला धरला. पहिला दोन महिन्यांत गेला. दुसरा परवा बाणस्तारीच्या पुलाजवळ, धो धो पाऊस, गाडी आचके द्यायला लागली, बोनट उघडतो तर कॉईल एचटी वायरला, म्हणजे स्पार्कच्या जाड वायरला लोंबकळतेय!! सुतळीने बांधून घरी आणली. दोन्ही वेळा बरोबर बेंडवरच तुटलाय. ५ एमएमचा घेऊ का? चवथीला, गणपतीत गाडी हवीय.

रेड_ऑक्साइड:
नुसती जाडी वाढवून भागणार नाही रे. एका टोकाला धरलेली पट्टी, दुसऱ्या टोकाला कॉईलचं वजन आणि खाली थरथरणारं इंजिन, सगळा मार बेंडवरच येतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम काटकोनात वाकवलं की बाहेरून बारीक चिरा पडतात. तुटलेला तुकडा उन्हात तिरका धरून बघ, हॅकसॉचा दात लागलाय तिथूनच फाटत आलं असणार.
इंजिन सोड, बॉडीला लाव, आतल्या मडगार्डला. ३ एमएमची लोखंडी पट्टी घे आणि व्हाइसच्या धारेवर हातोडी मारू नको, ८ एमएमच्या सळीवरून गोल वाकव. दोन्ही बाजूंना पाय काढ म्हणजे दोन बोल्ट बसतील. कडा कानशीने साफ, मग रेड ऑक्साइड प्रायमर, मग रंग. आणि आधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बसवून बघ, एचटी वायर पुरते का, तापणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लांब आहे का ते तिथेच कळतं.

म्हापसेकर:
एवढा खटाटोप कशाला, पाण्याच्या पाइपची क्लिप लाव, झालं. फक्त खालचा रंग खरवड, कॉईलला अर्थ (बॉडीशी विजेची जोडणी) लागतो.

जुना_वायरमन:
म्हापसेकर भाऊ, डबा कॉईलला बॉडीचा अर्थ लागत नाही, प्लस मायनस दोन्ही वायरी टर्मिनलवर येतात. अर्थ लागतो तो मॉड्युलला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या सर्किटला. बरीच मॉड्युलं तो बसवलेल्या जागेतूनच घेतात, तेव्हा पद्मिनीवाल्या, तुझं त्याच ब्रॅकेटवर बसणार असेल तर वेगळी अर्थाची वायर ओढ, आमच्या खाऱ्या हवेत खरवडलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. आणि ती क्लिप नकोच, आवळली की डबा चेपतो, आत तेल असतं. कॉईल उभी बसव, टोपी वर.

फोंड्याची_पद्मिनी:
रेड ऑक्साइड दादा मानलं, कडेला हॅकसॉची खाच आहे आणि चीर तिथूनच! वेल्डिंगवाल्याने पट्टी वाकवून दिली, मॉड्युलला वेगळी वायर ओढली. पण मडगार्डला जिथे भोक पाडणार होतो तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला 😭

रेड_ऑक्साइड:
हाहा, फियाट आणि गोव्याचा पाऊस. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवड, मग मागून तळहाताएवढी ३ एमएमची प्लेट लाव आणि एम६ चे बोल्ट तिच्यातून काढ. नट नायलॉकच घे, थरथरीने सुटत नाहीत. बाकी गंजाचं चवथीनंतर बघू.