लग्नाला ४ वर्षं, बहीण गेली, पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिलाय. आता काय करायचं?

कळवेकर_८८
माझी मावसबहीण मागच्या आठवड्यात गेली. सासर कोपरखैरण्याला, सातव्या मजल्याच्या गॅलरीतून पडली, सासरचे म्हणतात कपडे वाळत घालताना तोल गेला. दिवाळीपासून फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे माहेरून आण म्हणून मागे लागले होते, दोनदा पोरीसकट कळव्याला आणून सोडली, मावशीने एफडी मोडून दीड लाख दिले तरी भागलं नाही. पोलिसांकडे सध्या फक्त एडीआर, म्हणजे अपघाती मृत्यूची नोंद आहे. मावशी जबाबच द्यायला घाबरतेय, म्हणते हुंडा आपणच दिलाय मग आपल्यालाच आत टाकतील. काका गप्पच आहेत, नात २ वर्षांची आणि ती सासरीच. कुणी ह्यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

वकीलताई_ठाणे
फार वाईट झालं. आधी मावशींची भीती काढा. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलंय की ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावर ह्या कायद्याखाली खटला होत नाही. हे त्यांना वाचून दाखवा, खूप आयांचं तोंड ह्याच भीतीने बंद राहतं.

एडीआर म्हणजे केस संपली असं नाही. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत संशयास्पद मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टम आणि मॅजिस्ट्रेटची चौकशी होते, तिथे सगळं सांगा. हुंडाबळीचं कलम १९८६ ला आलं, जुन्या भारतीय दंड संहितेत ३०४ब, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८०. कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ७ वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि मरणाच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ, एवढं सरकारी वकिलांनी दाखवलं की कोर्ट हुंडाबळी गृहीत धरतं, मग ते खोडून काढायची जबाबदारी सासरच्यांवर. पण हे "थोडं आधी"च कोर्टात अडतं. लग्नातल्या मानपानाची भांडणं सांगून काही होत नाही, शेवटचे काही महिने तारखेनिशी हवेत. एफडी कधी मोडली, पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. आणि घरासाठी मागितलेला पैसा हुंडा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यातच येतात हे सुप्रीम कोर्टाने २०२२ ला सांगितलंय.

ऐरोली_दादा
आमच्या ताईच्या केसमधून सांगतो. रागाच्या भरात आम्ही सासरकडच्या ९ जणांची नावं दिली, त्यात नाशिकची नणंद पण, जी वर्षातून एकदा यायची. नुसती नावं, कुणी काय केलं काहीच नाही. बचावाच्या वकिलाने तेवढंच धरून आईला उभं-आडवं विचारलं, आई रडायला लागली, आणि ज्याने खरोखर मारलं त्याच्यावरचा जबाब पण त्यात पातळ झाला. शेजारची बाई जिने आरडाओरडा ऐकला होता ती कोर्टात फितूर झाली. म्हणून जे बघितलं, जे तिने स्वतः सांगितलं तेवढंच सांगा, पण ते पूर्ण सांगा.

वकीलताई_ठाणे
दादा अगदी बरोबर. आणि बहिणीचे मेसेज, व्हॉइस नोट डिलीट करू नका, नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, मूळ फोन जपा. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर लेखी तक्रार टपालाने डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना), तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज. बाळाच्या ताब्याचा अर्ज वेगळा, त्यासाठी ह्या केसच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. तिचं स्त्रीधन पण मागा, ते सासरचं नाही, आता तिच्या मुलीचं आहे.

कळवेकर_८८
ताई, दादा, मनापासून थँक्यू. काल मावशीला कलम ७ वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिने. मग उठून कपाटातून तिचा जुना फोन काढला, बटणं घासलेला, त्यात बहिणीची ४७ सेकंदांची रेकॉर्डिंग आहे, मरणाच्या ५ दिवस आधीची. "आई, परत दोन लाख म्हणतायत, तू बाबांना सांगू नकोस." मागे पोरगी रडतेय. मावशीने एवढे दिवस कुणाला ऐकवलंच नव्हतं. उद्या सकाळी फोन घेऊन जातोय, जप्ती पंचनामा करूनच देणार, सोबत काका पण येतायत.