अनुभव धागा: ७७७ न देता सर्व्हरवरच्या परवानग्यांचा गुंता कसा सोडवलात?

साइट नव्या सर्व्हरवर हलवली की पहिला फटका बहुतेक वेळा परवानग्यांचाच बसतो. फाइल जागेवर आहे, कोड तोच आहे आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. मग कुणीतरी सांगतं, "सगळ्याला ७७७ देऊन टाक." (तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि इतर; वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, म्हणून ७ म्हणजे सगळं खुलं.) साइट चालू होते, पण त्यानंतर सर्व्हरवरचं कुठलंही खातं तुमच्या फाइलींमध्ये लिहू शकतं. तुमचे अनुभव लिहा. निदान कसं झालं ते जरा सविस्तर सांगा.

*

फाइल ६४४, फोल्डर ७५५, मालक बरोबर, तरी एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये "परमिशन डिनाइड". शेवटी पूर्ण पाथ देऊन "नेमआय -एल" चालवलं. ही कमांड रूटपासून फाइलपर्यंत वाटेतल्या एकेका फोल्डरचा मालक, ग्रुप आणि परवानगी ओळीने दाखवते. होम फोल्डरच्या (युजरचं स्वतःचं फोल्डर, साइट तिथेच होती) ओळीत शेवटची, म्हणजे इतरांची, तिन्ही अक्षरं गायब, म्हणजे ७५०. उबुंटूवर २१.०४ पासून नव्या युजरचं होम असंच बंद तयार होतं. आधी ते ७५५ असायचं. फोल्डरवरचा "एक्स" म्हणजे आत शिरायची मुभा. वाटेतल्या एका फोल्डरवर जरी ती नसली, तरी पुढच्या फाइलीला काहीही दिलं तरी उपयोग नाही. मी होम उघडं केलं नाही, साइटच उचलून "व्हार" या सिस्टिमच्या फोल्डरखाली नेली. होममध्ये एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्या असतात, वेब सर्व्हरचं तिथे काय काम?

*

होमचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे एकाने होमवरच ७७७ चालवलं आणि पुढच्या वेळी एसएसएच किल्ली घेईना. होम किंवा किल्ल्यांची फाइल इतरांना लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर त्या किल्लीवर विश्वासच ठेवत नाही. कन्सोलवरून शिरून होम ७५०, किल्ल्यांचं फोल्डर ७००, फाइल ६०० केली. लगेच लॉगिन झालं.

*

वर्डप्रेस अपडेटच्या वेळी एफटीपीचा पासवर्ड मागायला लागलं, की लोक सरसकट सगळं "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा"च्या, म्हणजे वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याच्या, नावावर करतात. मला हे पटत नाही. एखाद्या प्लगिनमध्ये भोक निघालं तर हल्लेखोराला अख्खा कोड बदलता येतो. आम्ही कोडची मालकी डिप्लॉय युजरकडे (सर्व्हरवर कोड चढवणारं वेगळं खातं) ठेवली, ग्रुप वेब सर्व्हरचा, फाइली ६४०, फोल्डर २७५०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत जे नवं तयार होईल त्याला फोल्डरचाच ग्रुप लागतो, त्यामुळे दर डिप्लॉयनंतर सीएचओन (मालक-ग्रुप बदलायची कमांड) करत बसावं लागत नाही. अपलोडच्या फोल्डरला तेवढं २७७०. अपडेट आता ब्राउझरमधून होत नाहीत, डिप्लॉय युजरच कमांड लाइनवरून करतो. थोडी गैरसोय आहे, पण मी ती आनंदाने सोसतो.

*

रेडहॅट, अल्मा, रॉकी वापरणाऱ्यांनी "एलएस -झेड" बघायची सवय लावा. फाइली होममध्ये उघडून "एमव्ही"ने वेबच्या फोल्डरमध्ये हलवल्या, तर एसईलिनक्सचं (नेहमीच्या परवानग्यांवरचा आणखी एक पहारा) जुनं लेबल चिकटूनच राहतं; "एलएस -झेड" तेच दाखवतं. साध्या "एलएस -एल"मध्ये सगळं ठीक दिसतं आणि अपाची वेब सर्व्हर तरी नकार देतं. "रीस्टोरकॉन -आरव्ही" चालवलं की लेबल जागेप्रमाणे लागतं आणि काम होतं. एसईलिनक्स बंद करू नका, प्लीज.

*

कंटेनरवाल्यांसाठी: युजरचं नाव बघू नका, नंबर बघा. "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" डेबियनवर ३३, पण पीएचपीच्या अल्पाइन इमेजमध्ये ८२. आम्ही बेस इमेज बदलली, व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर जपलेला डेटा) तेच ठेवलं आणि अपलोड बंद पडले. होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, नंबर दाखवणारं "एलएस -एलएन" केलं तर सगळीकडे ३३. व्हॉल्यूमची मालकी ८२ ला दिली आणि अपलोड सुरू झाले.