मागचे ड्रम ब्रेक घरी उघडावेत का? माझं मत: हो. या, शिव्या द्या

रविवारचा मिस्त्री:
मंडळी, गेल्या रविवारी गाडीचे मागचे ब्रेक शू (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या कमानीसारख्या पट्ट्या) मी पोर्चमध्ये बसून स्वतः बदलले आणि तेव्हापासून घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळे माझ्याकडे असे बघतायत जसं काही मी घरच्या घरी कोणाचं अपेंडिक्स काढलंय. म्हणून इथे वाद घालायला आलोय.

गाडी २०१४ ची छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम. सर्व्हिसला दिली तर कागदावर लिहून आलं की मागचे शू बदला, ड्रम बदला, व्हील सिलेंडर (पेडल दाबलं की तेलाच्या जोरावर शू बाहेर ढकलतो तो) पण बदला. आता गंमत अशी की चाकच काढलं नव्हतं, मी काचेपलीकडे चहा पीत बसून सगळं बघत होतो. ड्रमच्या आत काय आहे ते ड्रम न काढता यांना कसं दिसलं देव जाणे. (नाव विचारू नका, घेणार नाही.) म्हटलं आपणच उघडून बघू.

उघडलं तर ड्रम ठीक, कडेला थोडी धार आलेली तेवढीच. सिलेंडरची रबरी टोपी पेचकसने हळूच उचलून बघितली, आत कोरडं. शू मात्र खरंच संपत आलेले, त्यातही पुढच्या बाजूचा जास्त, कारण गाडी पुढे जाताना फिरणारा ड्रम त्या शूला स्वतःच आत खेचून घेतो म्हणून तो जास्त काम करतो आणि जास्त झिजतो. म्हणजे तीन गोष्टींतली एक खरी निघाली. दोन्हीकडचे चारही शू नवे टाकले. एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे अडलं तर दुसरीकडे बघून लावता येतं, आणि प्रत्येक स्प्रिंग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. पहिल्या बाजूला अडीच तास, दुसरीला ५० मिनिटं. दोन शू, चार-पाच स्प्रिंगा, एक सिलेंडर आणि एक ॲडजस्टर, यात घाबरण्यासारखं काय आहे ते मला सांगा. घाईत २० मिनिटांत उरकणाऱ्यापेक्षा माझं काम चांगलंच झालंय.

घाटरस्ता:
घाबरण्यासारखं काय ते मी सांगतो. मी महिन्यातून दोनदा इंदूरहून धुळ्याला जातो. धामणोदच्या आधीचा गणपती घाट उतरताना ब्रेक गेलेले ट्रक ज्याने एकदा बघितलेत तो असं बोलत नाही. बल्ब बदल, वायपर बदल, एअर फिल्टर बदल, कोण नाही म्हणतंय. पण ब्रेकमध्ये चूक झाली हे कळतं तेव्हा कळून उपयोग नसतो. तुझी अडीच तासांची शाळा, आणि परीक्षेला मागच्या सीटवर आई-बाबा!

रविवारचा मिस्त्री:
भिया, ट्रकचा ब्रेक जातो तो ओव्हरलोड आणि न्यूट्रल मारून उतरल्यामुळे. सतत दाबून ड्रम तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो, आणि शूवरच्या लायनरची (घासणाऱ्या थराची) पकड पण तापून कमी होते. त्यात शू कोणी बसवला याचा काय संबंध? आणि छोट्या गाडीत ब्रेक मारला की वजन पुढे येतं, जास्त काम पुढच्या डिस्कच करतात.

घाटरस्ता:
मग मागचे काढूनच टाक की, कशाला एवढा खर्च. अरे पावसात मागचं एकच चाक आधी धरलं की गाडी शेपूट फिरवते. आणि हँडब्रेक कुठे असतो? मागेच ना?

शेव जास्त मिरची कमी:
मी फक्त पोहे घेऊन बसलोय, चालू द्या 🍿

पानावाला:
मी याच धंद्यात आहे, गॅरेज आहे छोटं, त्यामुळे बोलतो. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे आणि दोघांना राग येईल असं सांगतो.

घरी करणाऱ्यांचं पहिलं लग्न मोडतं ते ड्रम निघण्यात. बऱ्याच ड्रमवर दोन आटेवाली भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही सारखे सारखे कसले की ड्रम आपोआप बाहेर येतो. हे माहीत नसलेला माणूस हातोडा घेतो आणि कडेवर हाणतो, ड्रम बिडाचा असतो, टवका उडतो. काही गाड्यांत ड्रममध्येच बेअरिंग असतं, तिथे मधला मोठा नट काढावा लागतो, तो ठोकून लॉक केलेला असतो, परत लावताना नवा लागतो आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला कसावा लागतो. तिथे "हाताच्या अंदाजाने" चालत नाही, बेअरिंग बोंबलतं. आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून ड्रम ओढत बसणारे पण बघितलेत मी, इंजिनिअर होते.

दुसरं, मागचं काम करायचं तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणजे गाडी जॅकवर आणि हँडब्रेक मोकळा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि गाडी घोडीवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) पाहिजे, डिकीतल्या कात्री जॅकवर नाही. तो जॅक स्टेपनी बदलायला दिलेला असतो. भिया, खरं सांग, घोडी लावली होती?

रविवारचा मिस्त्री:
लावली होती. सियागंजमधून दोन आणल्या. यात तरी शिव्या मिळणार नाहीत.

पानावाला:
शाबास. आता आमच्या लोकांचं पण सांगतो. घाईत काय होतं, हवेचा पाइप मारून ड्रम साफ. ॲडजस्टरचे आटे साफ करायचे, बॅक प्लेटवर (शूमागच्या पत्र्याच्या थाळीवर) शू जिथे जिथे टेकतो तिथे ब्रेकच्या ग्रीसचा अगदी नखाएवढा ठिपका लावायचा, हे अर्धे लोक करत नाहीत. गिऱ्हाइकाला दिसत नाही ना. तेवढ्यापुरता तुमचा रविवार माझ्या पोराच्या २० मिनिटांपेक्षा बरा, हे कबूल.

टिळकनगरची ताई:
हवेचा पाइप हा विषय निघाला म्हणून. ती काळी भुकटी फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही, झाडूने झाडायची तर अजिबात नाही. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाहीये अजून, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कुठला सुटा लायनर टाकलाय ते कोणाला माहीत? आधी ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी मारून ओलं करायचं, मग कपड्याने पुसायचं, तोंडाला नीट मास्क. आणि तो कपडा ओल्या कचऱ्यात टाकू नका हो, आपल्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. जुनं ब्रेक ऑइल पण नालीत नाही.

बाकी बाई असून सांगते, मी दोनदा केलंय हे काम. अवघड नाही, चिकाटी लागते. स्प्रिंग सुटून कपाळावर बसली होती, चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

सुदामानगरचे काका:
आमच्या काळी ॲम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम असायचे आणि चारही आम्ही घरीच बघायचो. शू नवे कोण आणायचं? जुन्याच शूवर नवा लायनर रिबिट मारून घ्यायचो. तेल लागलेला शू असला की पेट्रोलने धुवायचा, काडी लावायची, भडका विझला की पॉलिश पेपर मारायचा, झालं नवं. हल्लीच्या पोरांना सगळं नवं पाहिजे.

पानावाला:
काका, नमस्कार, तुम्ही मोठे आहात पण हे करू नका. तेल लायनरच्या आत मुरतं, वरवर जळतं, ब्रेक तापले की परत बाहेर येतं आणि ते चाक कधी घसरतं तर कधी एकदम पकडतं. तेल लागलेला शू फेकायचाच, आणि एकाला लागलं तरी दोन्ही चाकांचा सेट बदलायचा. शिवाय आधी ते तेल आलं कुठून ते शोधायचं, सिलेंडर गळतोय की मागचं ऑइल सील. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस सिलेंडरच्या रबराला लागलं की रबर फुगतं आणि दट्ट्या अडकतो. रबर धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच.

सुदामानगरचे काका:
१९७८ पासून करत आलो, काही झालं नाही.

घाटरस्ता:
काका, तेव्हा ए बी (आग्रा-मुंबई) रोडवर स्पीड किती असायचा हो? 😀

सुदामानगरचे काका:
तेव्हा गाडी थांबवायला ब्रेकपेक्षा अक्कल जास्त वापरायचे, बाळा.

शेव जास्त मिरची कमी:
काकांचा पॉइंट. जिलबी माझ्याकडून.

घाटरस्ता:
बरं, हसून झालं असेल तर मुद्द्यावर या. माझा प्रश्न एवढाच, चूक राहिली हे घरी कळणार कसं? गॅरेजवाला निदान रोज दहा गाड्या बघतो, पेडलवर पाय ठेवला की त्याला समजतं. तू आयुष्यात एक बघितलीस.

रविवारचा मिस्त्री:
चालवून बघितली ना. आधी पेडल जरा खोल जात होतं, मग हँडब्रेकची केबल आतून टाइट केली, पेडल मस्त वर आलं. हँडब्रेक आता ओढताना तिसऱ्या 'टक' आवाजालाच दगडासारखा धरतो, आधी ११-१२ टक लागायचे. ब्रेक ऑइलमधली हवा काढायची गरजच नव्हती कारण सिलेंडर उघडलाच नाही.

पानावाला:
थांब. केबल टाइट करून पेडल वर आणलंस?

रविवारचा मिस्त्री:
हो, का?

पानावाला:
एक काम कर. पाच-सात किलोमीटर चालव, शक्यतो ब्रेक न मारता, रिंग रोडला सकाळी जमेल. मग मोकळ्या जागी इंजिनच्या जोरावर हळू होत थांब. चारही रिमजवळ हात ने, लावू नकोस, नुसता जवळ ने. मग इथे सांग.

घाटरस्ता:
आता मजा येणार.

रविवारचा मिस्त्री:
जाऊन आलो. मागचं उजवं गरम आहे. डावं ठीक, पुढची दोन्ही कोमट.

घाटरस्ता:
बोललो होतो.

पानावाला:
घाटरस्ता साहेब, नाचू नका, ही चूक मला धंद्यातल्या लोकांची पण महिन्यातून एकदा दुरुस्त करावी लागते.

ऐक. नवे शू टाकले की ते ड्रमपासून किती लांब बसतील ते ॲडजस्टरने ठरवायचं, केबलने नाही. केबल ताणली की आतला हँडब्रेकचा लिव्हर आपल्या जागी परत जात नाही, अर्धवट ओढलेला राहतो आणि शू बाहेर ढकलून ठेवतो. म्हणून पेडल वर आलं. ते खोटं वर आलंय. एक, शू घासत राहतो, तापतो, आणि घाट असला तर घाटाच्या आधीच तापलेला असतो. दोन, लिव्हर जागेवर नसल्यामुळे ऑटोमॅटिक ॲडजस्टर कामच करत नाही, म्हणजे शू झिजत जातील तसं पेडल परत खाली. मग तू परत केबल कसणार. हे चक्र मी लोकांना वर्षानुवर्षं करताना बघितलंय.

आता केबल पूर्ण ढिली कर. ड्रम काढून दोन्हीकडचे लिव्हर शूच्या कडेला टेकलेत का बघ. उजवा टेकत नसेल तर त्या बाजूची केबल कव्हरमध्ये गंजून अडकत असेल. मग ॲडजस्टर एक एक दाता वाढव, ड्रम हाताने फिरवताना अगदी हलका खर्र आवाज येईल इतकाच. ड्रम लाव, इंजिन चालू करून पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाब, आतून टक टक ऐकू येईल, ते थांबलं की ॲडजस्टर आपल्या मापाला आला. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

टिळकनगरची ताई:
आणि तोपर्यंत गाडी ऑफिसला नेऊ नकोस रे, प्लीज. मेट्रो, सिटी बस, काहीही.

सुदामानगरचे काका:
ॲम्बेसेडरमध्ये ऑटोमॅटिक काही नव्हतं. बॅक प्लेटमागे हात घालून पान्याने ॲडजस्टर स्वतः फिरवायचो, म्हणून समजायचं काय चाललंय ते.

रविवारचा मिस्त्री:
काका, हे मात्र पटलं. करतो शनिवारी.

रविवारचा मिस्त्री:
अपडेट. उजवा लिव्हर खरंच टेकत नव्हता, तीन-चार मिलिमीटर लांब होता. केबल कव्हरमधून हाताने ओढली तर जाते पण स्वतःहून परत येत नाही. ती नवीन घातली, बाकी सांगितलं तसं केलं. पेडल दाबताना चौदा-पंधरा वेळा टक टक झाली, मग बंद. हँडब्रेक सहाव्या 'टक'ला धरतो. परत तेवढीच चालवली, मागची दोन्ही रिम सारखीच कोमट. डावीकडून मात्र हळू थांबताना चूं आवाज येतोय.

पानावाला:
बॅक प्लेटवर ग्रीसचे ठिपके दिले होते?

रविवारचा मिस्त्री:
उजवीकडे आज दिले. डावीकडे… पहिल्या रविवारी विसरलो वाटतं.

पानावाला:
तिथेच आवाज आहे. उघड परत. लायनरला बोट लावू नकोस.

घाटरस्ता:
म्हणजे तीनदा उघडायचं एक काम. मी तरी याच्या गाडीत बसून मांडवला (मांडूला) फिरायला पण येणार नाही.

रविवारचा मिस्त्री:
तिसऱ्यांदा उघडायला मला ३५ मिनिटं लागतील, बघच. आणि गेल्या दोन वर्षांत गॅरेजने केबल बघितली का एकदा तरी?

घाटरस्ता:
तुझ्या गॅरेजने नसेल बघितली. गॅरेज बदल, धंदा बदलू नकोस.

शेव जास्त मिरची कमी:
पोहे संपले. रविवारी कोणाच्या पोर्चमध्ये जमायचं ते सांगा, शेव मी आणतो.