सोलरवर ३०% टॅक्स क्रेडिट आपल्याकडे मिळतं का? (ऐरोली, ३ किलोवॅट)

ऐरोली_रोहाऊस यांचा प्रश्न

ऐरोलीत सिडकोचं रो-हाऊस आहे, गच्ची आमचीच. महावितरणचं बिल एप्रिल-मेमध्ये ४५० युनिटपर्यंत जातं, एरवी २८०-३००. ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलर बसवायचं आहे. हातात असलेलं कोटेशन असं: ५४५ वॅटचे ६ डीसीआर (देशी बनावटीचे) पॅनल, ३ किलोवॅट इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, अर्थिंग, नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) कागदपत्रं धरून १,९०,००० अधिक जीएसटी २६,२२०. नॉन-डीसीआर पॅनल घेतले तर ३५,००० कमी.

प्रश्न असे आहेत.
नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या म्हणण्यानुसार सोलरच्या खर्चाच्या ३०% रक्कम टॅक्समधून परत मिळते. आपल्याकडे असं काही आहे का? व्हेंडर म्हणतो, "४०% डेप्रिसिएशन (घसारा) मिळेल, टॅक्स वाचेल." मिस्टर नोकरीत आहेत, मी घरातल्याच एका खोलीतून आर्किटेक्टचं काम करते आणि आयकराच्या ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरते. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतली ७८,००० ची सबसिडी उत्पन्नात दाखवावी लागते का? आणि बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत. त्याने काही अडतं का?

---

नौपाडा_करसल्ला

ताई, आधी टॅक्सचं बघू.

घरावर बसवलेल्या सोलरसाठी भारतात इन्कम टॅक्स क्रेडिट नाही. ८०सीसारखी वजावटही नाही. सरकारी मदत मिळते ती थेट बँक खात्यात, सबसिडी म्हणून, आणि तुमचा टॅक्स किती आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. टॅक्स शून्य असला तरी ७८,००० मिळतात आणि ३०% च्या स्लॅबमध्ये असलात तरी तेवढेच.

४०% डेप्रिसिएशनचा दर खोटा नाही, पण तो धंद्यात वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेसाठी आहे. पगारदाराच्या घरच्या सोलरवर एक पैसाही मिळत नाही. राहिली तुमची खोली. ४४एडीएमध्ये जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आला असं कायदाच मानतो, डेप्रिसिएशनसुद्धा. त्यामुळे सोलरचं वेगळं काही मागता येत नाही. नियमित हिशेब ठेवलेत तरी गणित बघा: सबसिडी वजा जाता खर्च समजा १,२९,००० आणि खोली घराच्या एक पंचमांश, म्हणजे २५,८००. त्याच्या ४०% म्हणजे १०,३२०. २०% च्या स्लॅबला वाचले जेमतेम दोन हजार, आणि सिस्टीम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर सुरू झाली तर पहिल्या वर्षी त्याच्याही निम्मे. एवढ्यासाठी ४४एडीए सोडू नका.

सबसिडी: सबसिडी उत्पन्नात धरण्याचं कलम २०१५ मध्ये आलं, तेव्हाच सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) स्पष्ट केलं होतं की गॅस सबसिडीसारखी, व्यक्तीला तिच्या स्वतःसाठी मिळालेली, धंद्याशी संबंध नसलेली कल्याणकारी सबसिडी करपात्र नाही. घरच्या सोलरला तेच लागू. बँक स्टेटमेंटमध्ये ७८,००० ची जमा दिसेल, म्हणून मंजुरीचा मेसेज आणि व्हेंडरचं बिल एकत्र ठेवा. धंद्याच्या मालमत्तेवर सबसिडी मिळाली तर ती मालमत्तेच्या किमतीतून वजा करायची असते, वरच्या गणितात मी तसंच केलं आहे.

कर्ज काढणार असाल तर व्याजावर सूट मिळते असं काही बँकांचे एजंट सांगतात. घरदुरुस्तीच्या कर्जावर आयकराच्या कलम २४(बी)मध्ये वर्षाला ३०,००० ची मर्यादा आहे, ती जुन्या करप्रणालीत. स्वतः राहता त्या घराला नव्या प्रणालीत ती सूट नाही. सोलर म्हणजे 'दुरुस्ती' का, यावर वाद घालायची तयारी असेल तरच तिकडे जा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना लोक जुनेच वापरतात, मीही.)

आता तुमच्या कोटेशनमधली खरी गोष्ट. १,९०,००० वर २६,२२० म्हणजे १३.८%. हा जुना हिशेब आहे. सोलरचं सामान आणि बसवणं एकत्र असलं की ७०% माल आणि ३०% सेवा धरतात. मालावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५% झाला. म्हणजे १,३३,००० वर ६,६५० आणि ५७,००० वर १८% ने १०,२६०, एकूण १६,९१०. तुमच्याकडून ९,३१० जास्त मागितले जात आहेत. कोटेशन बदलून घ्या, आणि बिलावर दोन्ही दर वेगळे लिहायला सांगा. सगळ्यावर सरसकट ५% लावतो म्हणणाराही चूकच.

---

पाम_बीच_ते_पार्सिपनी

नणंदबाई चुकीचं सांगत नव्हत्या, पण ती गोष्ट संपली.

अमेरिकेतलं ते क्रेडिट म्हणजे तिथल्या करकायद्याचं कलम २५डी. सुरुवात २००५ च्या कायद्यापासून, २०२०-२१ मध्ये २६% होतं, २०२२ पासून ३०%. ते २०३२ पर्यंत पूर्ण दराने चालणार होतं. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ ला बंद केलं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो: पैसे कधी दिले ते महत्त्वाचं नाही, बसवणं कधी पूर्ण झालं ते महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण पैसे भरले आणि काम जानेवारीत संपलं, तर क्रेडिट नाही.

ज्यांचं काम वेळेत झालं त्यांच्यासाठी ते असं चालतं. २०,००० डॉलर खर्च, क्रेडिट ६,०००. फॉर्म ५६९५ भरायचा. हे क्रेडिट 'नॉन-रिफंडेबल' आहे, म्हणजे त्या वर्षी लागलेल्या टॅक्सएवढंच वापरता येतं. टॅक्स ४,२०० लागला तर तो शून्यावर येतो आणि उरलेले १,८०० पुढच्या वर्षी न्यायचे. सरकार ६,००० चा चेक पाठवत नाही. पगारातून ४,२०० आधीच कापले गेले असतील तर रिफंड तेवढ्याचाच. वीज कंपनीने १,००० ची सूट दिली असेल तर ती आधी वजा: १९,००० वर ३०%, म्हणजे ५,७००. नेट मीटरिंगमधून मिळालेले युनिट मात्र वजा करायचे नसतात. कर्जाचं व्याज खर्चात येत नाही. सोलरसाठी छत नवीन केलं तर त्या छताचा खर्चही येत नाही. बॅटरी चालते, पण किमान ३ किलोवॅट-तासाची हवी.

आणि पॅनल लीजवर असतील तर क्रेडिट घरमालकाचं कधीच नव्हतं, कंपनीचं होतं. नणंदबाईंना विचारा, त्यांची सिस्टीम विकत घेतलेली आहे का.

---

सानपाडा_छतावर

सबसिडीच्या बाजूने लिहितो, कारण अर्ज अडकतात ते टॅक्समुळे नाही, कागदांमुळे.

पीएम सूर्यघरमध्ये पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. ३ किलोवॅटला ७८,०००, त्यावर कितीही मोठी सिस्टीम बसवा, तेवढेच. रक्कम काढताना पॅनलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली *कमी* असेल ती धरतात. तुमचे ६ × ५४५ म्हणजे ३.२७ आणि इन्व्हर्टर ३, म्हणून पूर्ण ७८,०००. पण "सावली येते, ५ च पॅनल लावू" म्हणत व्हेंडरने एक कमी केला तर २.७२५ किलोवॅट होतात आणि सबसिडी ७३,०५०. रो-हाऊसवर शेजाऱ्याची पाण्याची टाकी आणि जिन्याची कॅबिन सावली टाकतात, हे कोटेशनच्या आधी बघायचं असतं. दुपारी नाही, सकाळी नऊला आणि संध्याकाळी चारला गच्चीवर जाऊन बघा.

नॉन-डीसीआरचा विचारच नको. ३५,००० वाचवायला ७८,००० सोडायचे? डीसीआर म्हणजे पॅनलमधला सेलसुद्धा भारतात बनलेला. योजनेच्या पोर्टलवर प्रत्येक पॅनलचा सीरियल नंबर चढतो. पॅनल गच्चीवर चढवण्याआधी मागच्या बाजूच्या स्टिकरचे फोटो स्वतः काढून ठेवा. स्ट्रक्चरवर बसल्यावर ते स्टिकर वाचायला खाली झोपावं लागतं, आणि एक आकडा चुकला की फाइल परत.

आता नाव. हाच तुमचा मोठा अडथळा. बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं एकाच व्यक्तीचं लागतं. सासऱ्यांच्या नावावर अर्ज करूच नका. आधी महावितरणकडे नावबदल करा: मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रं किंवा वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचं संमतीपत्र. नवीन नावाचं बिल हातात आलं की मग पोर्टलवर १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी. मधल्या काळात व्हेंडरला ॲडव्हान्स देऊ नका.

नंतरचा क्रम सोपा आहे. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. मंजूर भार २ किलोवॅट असेल तरी काळजी नको, तो त्याच ओघात वाढतो. यादीतला व्हेंडर निवडा, काम झालं की फोटो आणि तपशील अपलोड, मग नेट मीटर आणि तपासणी, मग कमिशनिंग रिपोर्ट (सिस्टीम सुरू झाल्याचा). रिपोर्ट आल्यावर बँक तपशील आणि कॅन्सल चेक टाकून सबसिडीची विनंती करायची. तिथून साधारण ३० दिवसांत पैसे यायचे असतात. इथे जुनं चेकबुक घात करतं: बँक विलीन झाली, आयएफएससी बदलला, चेकवर जुनाच.

व्हेंडरला पूर्ण पैसे तुम्ही द्यायचे, सबसिडी तुमच्या खात्यात येते. "७८,००० कापून उरलेले द्या, सबसिडी मी बघतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

---

ऐरोली_रोहाऊस

जीएसटीचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. व्हेंडरशी बोलले, नवीन कोटेशन देतो म्हणाला. नावबदलाचं काम आधी घेते. एक राहिलंय: तो ५ किलोवॅट घ्या म्हणतोय, "जास्तीची वीज महावितरण विकत घेईल" म्हणून. घ्यावं का?

---

सानपाडा_छतावर

नाही. १ किलोवॅटला महिन्याला सरासरी १२० युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॅटचे ३६०. जून ते सप्टेंबर त्याहून बरेच कमी, तुमच्या बाजूला पावसाळा म्हणजे पावसाळाच. वर्षाची सरासरी काढली तर तुमचा वापर तेवढ्याच घरात आहे.

नेट मीटरमध्ये उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण फक्त ३१ मार्चपर्यंत. त्या दिवशी जे उरतं ते नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण घेतं, आणि तो दर तुम्ही वरच्या स्लॅबला भरता त्याच्यापुढे काहीच नाही. आता कॅलेंडर बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन स्वच्छ, एसी बंद, युनिट साठतात. ३१ मार्चला खातं पुसलं जातं. १ एप्रिलपासून एसी सुरू. म्हणजे ज्या दोन महिन्यांसाठी साठवण हवी त्याच्या तोंडावरच ती जाते. मोठी सिस्टीम घेतलीत तर हिवाळ्याची जास्तीची वीज स्वस्तात द्याल, आणि ३ च्या वरच्या २ किलोवॅटला सबसिडीही नाही.

सोलरचा फायदा वरून खाली येतो: १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतात, तुमचे ३०० च्या वरचे महाग युनिट आधी जातात. त्यावरची १६% वीज ड्यूटीही जाते. स्थिर आकार मात्र राहतो, म्हणून शून्य बिलाची जाहिरात मनावर घेऊ नका. वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो.

वाचलेले पैसे स्ट्रक्चरमध्ये घाला. ऐरोली खाडीच्या काठाला आहे, साधा रंगवलेला अँगल लवकर गंजतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, असं कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि नट-बोल्ट स्टेनलेसचे. मुंबई भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात, तेव्हा पाय वॉटरप्रूफिंगच्या थरावर नुसते ठेवलेले चालणार नाहीत. तीन वेगळे अर्थिंग: डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर. दोनात भागवतो म्हणाला तर ऐकू नका.

---

कोलशेत_सोसायटी_सेक्रेटरी

याच धाग्यात विचारतो. ६० फ्लॅटची सोसायटी आहे, लिफ्ट, पंप आणि पार्किंगच्या दिव्यांसाठी सोलर लावायचं आहे. सोसायटीला किती मिळतं? मेंबर आपापल्या रिटर्नमध्ये काही दाखवू शकतात का?

---

नौपाडा_करसल्ला

मेंबरच्या रिटर्नमध्ये काही नाही.

सोसायटीला सामायिक वापरासाठी, ईव्ही चार्जिंग धरून, किलोवॅटला १८,०००. मर्यादा दर घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५००. ६० फ्लॅटचे १८० किलोवॅट झाले, पण तुमचा सामायिक वापर तेवढा नसणार. आधी सामायिक मीटरची १२ बिलं काढा आणि त्यावरून क्षमता ठरवा. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते. टाक्या आणि लिफ्टरूम वजा करून काय उरतं, तेही मोजा.

पैसे सोसायटीच्या खात्यात येतात. ताळेबंदात सोलरच्या किमतीतून वजा दाखवा, देखभाल खर्चात मिसळू नका, नाहीतर ऑडिटर पुढच्या वर्षी विचारतोच. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि त्यात क्षमता, रक्कम आणि सह्या कोण करणार ते स्पष्ट लिहा. इमारत १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर उपविधीप्रमाणे दर ५ वर्षांनी, ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. ते राहिलं असेल तर पॅनलच्या आधी करा. गच्चीवर पावसाळी पत्र्याची शेड असेल तर तिच्यावरच पॅनल टाकायचा मोह होतो. शेड पॅनलचं वजन आणि वारा धरून बांधलेली नसते, इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय परवानगी देऊ नका.